माझे रिलीव्हर, दत्तोबा वस्ताद

कारखान्यात काम न केलेल्या माणसाला रिलीव्हर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, म्हणून आधी तेच सांगून टाकते. आमच्या महाळुंग्याच्या कंपनीत लाइन थांबत नाही. तुमची पाळी संपली, भोंगा झाला, तरी पुढच्या पाळीचा माणूस तुमच्या जागेवर येऊन उभा राहीपर्यंत तुम्ही हलायचं नाही. तो माणूस म्हणजे तुमचा रिलीव्हर. तो आला की तुम्ही सुटलात. तो ट्रॅफिकमध्ये अडकला, त्याच्या मेहुण्याची वरात निघाली, किंवा त्याला नुसताच कंटाळा आला, की तुम्ही आहात तिथेच. इतर ठिकाणी नव्या नवरीला विचारतात, सासू कशी मिळाली? आमच्याकडे विचारतात, रिलीव्हर कसा मिळालाय?

मला मिळाले दत्तोबा वस्ताद. असा रिलीव्हर चाकणच्या सगळ्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी कौतुकाने नाही, अनुभवाने सांगते आहे.

वस्ताद महाळुंगे गावचेच, जुन्या घरातले. एमआयडीसीत जमीन गेली तेव्हा त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती त्यांनी धरली. पॅकिंगच्या शेडकडे बोट दाखवून ते नव्या पोरांना सांगायचे, "हितं आमचा हरभरा असायचा. पाय जपून टाका." पोरं खरोखर खाली बघायची. तरुणपणी कुस्त्या केलेल्या, त्यामुळे दोन्ही कान मोडून गोळा झालेले आणि मान अशी की कंपनीची टोपी डोक्यावर बसायची नाही, नुसती ठेवलेली असायची. गावच्या तालमीत ते पोरांना शिकवत, म्हणून सगळी कंपनी त्यांना वस्तादच म्हणायची. प्लँट हेडसुद्धा.

माझं नाव रुपाली. मी जिंतूरकडची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला ट्रेनी म्हणून आले आणि शेवटच्या तपासणीच्या टेबलावर लागले. ब्रेकचे भाग यायचे, ते डोळ्यांनी बघायचे, बोटांनी चाचपायचे, गेज लावून मोजायचे. चांगला पुढे, वाईट लाल पेटीत. काम मला आवडायचं. आवडायचं नाही ते वेगळंच. दरवर्षी पावसाळ्याच्या सुमाराला पदवी घेतलेले नवे इंजिनियर यायचे. गेज कुठे ठेवतात ते मी त्यांना दाखवायची आणि वर्षभरात ते काचेच्या केबिनमध्ये बसून माझ्या रजेच्या अर्जावर सही करायचे. पोरं चांगली असायची, त्यांचा काही दोष नव्हता. पण मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? आई म्हणते, माझं डोकं जन्मतःच तापलेल्या तव्यावर ठेवलं होतं. मला त्या केबिनमध्ये बसायचं होतं. दुसरं काही नको होतं.

एक दिवस नोटीस बोर्डावर, डेंग्यूच्या सूचनेशेजारी, एक कागद लागला. आकुर्डीच्या बाजूच्या एका कॉलेजने नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांसाठी संध्याकाळचं बी.टेक. सुरू केलं होतं. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तीन वर्षांत पदवी. नोकरी सोडायची नाही. फक्त हजेरीची अट कडक होती. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, आणि त्यात कुणाचं काही ऐकणार नाहीत.

घोडं नेमकं तिथेच अडलं. आमच्या टेबलांवर दोन पाळ्या, दर आठवड्याला अदलाबदल. फर्स्ट शिफ्ट दुपारी साडेतीनला सुटते, म्हणजे त्या आठवड्यात मी खालुंब्रे, येलवाडी, तळवडे करत कशीबशी पाचच्या वर्गाला पोचले असते. पण सेकंड शिफ्टच्या आठवड्याचं काय? सगळ्याच आठवड्यांत मला फर्स्ट मिळाली तर पदवी होती, नाहीतर नव्हती. हिशेब इतका सरळ होता.

एचआरच्या वर्षाली मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, "अरे वा! कंपनी अशा गोष्टींना नेहमीच प्रोत्साहन देते." प्रोत्साहन म्हणजे काय, ते मला पुढे कळलं: टाळ्या. मग आमचे शिफ्ट इनचार्ज रणजीत सर यांच्याकडे गेले. सर सरळ माणूस. म्हणाले, "तुला कायमची फर्स्ट मी नाही देऊ शकत, बाकीचे माझ्या अंगावर येतील. पण कुणी आपखुशीने कायमची सेकंड घेत असेल, तर माझी हरकत नाही."

आता कायमची सेकंड कोण घेणार? सेकंडवाला मध्यरात्री घरी पोचतो तेव्हा पोरं झोपलेली, सकाळी उठतो तेव्हा ती शाळेत गेलेली. पोरं मोठी कधी झाली ते सेकंडवाल्याला फोटोत कळतं. तरी मी टेबलाटेबलावर फिरले. धनेश नावाचा एक जण होता, वस्तादांच्याच गावचा, जिभेला हाड नसलेला. तो कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "इंजिनियर होऊन काय करनार तू? आमच्यावरच साहेबगिरी ना? आपल्याच पायावर धोंडा कोन पाडून घेईल, राव?" सगळे हसले. मी ताट तसंच टाकून उठले.

मागच्या बाकावर वस्ताद मटकीच्या उसळीत पाव बुडवत बसले होते. वयाचा मान म्हणून जुन्या कामगारांना आमच्याकडे कायमची फर्स्ट असते. ती वस्तादांना बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर मिळाली होती.

"ए पोरी," ते म्हणाले. "मी घेतो सेकंड."

मला वाटलं, हेही चेष्टा करतायत. मी चिडून म्हटलं, "काका, तुम्ही तरी नका ना."

"चेष्टा न्हाई. पन माझी एक अट हाय. हितं जे साहेब येत्यात, ते समदे भायेरचे. त्यास्नी सर-सर करून माझी जीभ झिजली. रिटायर व्हायच्या आधी न्हाईतर नंतर, मला एकदा एका साहेबाला समद्यांदेखत 'अगं ए' म्हनून हाक मारायची हाय. तू साहेब झालीस की मी म्हननार, 'अगं ए रुपे'. आन तू म्हनायचं, 'व्हय वस्ताद'. लाजायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. कॅन्टीनमध्येच रडू आलं आणि त्याचाही मला रागच आला.

तर असे ते माझे रिलीव्हर झाले. साडेतीनच्या भोंग्याआधीच ते टेबलाशी हजर असत. आधी टेबलाला हात लावून तो कपाळाला लावायचे, मग लाल पेटीत डोकावायचे, मग गेज माझ्या हातातून काढून घेत म्हणायचे, "चल, सुट." कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. पण त्या दोन शब्दांसाठी माझे कान सकाळपासून टवकारलेले असायचे. मी टोपी काढून पळत सुटायची. पार्किंगमध्ये माझी स्कूटी मी गेटच्या दिशेने तोंड करूनच लावलेली असायची.

आमचा वर्ग बघण्यासारखा होता. भोसरीच्या टूलरूममधले दोघे, हिंजवडीत नेटवर्क सांभाळणारा एक, तो कंपनीच्या कॅबमधून अर्ध्या वाटेत उतरून रिक्षाने यायचा. माझ्याशेजारी मोनिका, ती एका पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायची. सगळ्यांच्या पायांत सेफ्टी शूज आणि अंगाला तेलाचा वास. तिसऱ्या तासाला डोळे उघडे ठेवणं हेच मोठं शिक्षण होतं. पण शिकवणारे सर-मॅडम समजूतदार होते. दिवसभर शिकवून ते पुन्हा संध्याकाळी आमच्यासाठी उभे राहायचे, आणि कुणी पेंगताना दिसलं तर त्याला उठवून फळ्याशी न नेता चहा पिऊन यायला सांगायचे. त्या माणसांचंही माझ्यावर ऋण आहे. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी मी दुपारपासूनच कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बसायची.

वस्तादांनी स्वतःहून आणखी एक नेम लावून घेतला. गेज हातात घेण्याआधी विचारायचे, "काल काय शिकवलं?" माझ्याकडे जेमतेम मिनिट असायचं. एकदा मी सांगितलं की व्यवस्थापनाच्या विषयात रांगेचं गणित असतं, किती माणसं येतात, किती खिडक्या लागतात, कोण किती वेळ ताटकळतो. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी सगळी सेकंड शिफ्ट मला बघून हसत होती. वस्तादांनी सांगितलं होतं, "रुपालीला कालिजात रांगेत उभं कसं राहायचं ते शिकवत्यात. त्याची बी परीक्षा असती." मी भडकले, तर ते म्हणाले, "मग काय चुकलं? मिनिटात येवढंच समजतं." त्यांना त्यातलं खरंच काही कळायचं नाही. पण विचारायचं त्यांनी सोडलं नाही, आणि सांगायचं म्हणून मी वर्गात लक्ष देऊन ऐकायला लागले. मोनिका म्हणायची, तुझ्या वह्या इतक्या नीट कशा गं? आता दुपारी जाब द्यायचा असल्यावर काय करणार!

पहिल्याच सत्रात गणितात नापास झाले. डिप्लोमावाल्यांना त्या गणिताची भीती असतेच, पण मला वाटलं होतं मी वेगळी आहे. निकाल कळला त्या दुपारी मी वस्तादांना म्हटलं, "काका, तुमची फर्स्ट परत घ्या. माझ्याच्यानं नाही होत."

त्यांनी लाल पेटीतला एक भाग उचलला, उलटसुलट बघितला, परत टाकला. "पाठ लागली का तुझी?"

"काय?"

"कुस्तीत पाठ लागली की हार. गुडघं टेकलं म्हंजे हार न्हाई. तुझं गुडघं टेकलंय. उठ आन सुट, कालिजाला उशीर व्हतोय."

पुढच्या खेपेला ते गणित सुटलं. काठावर सुटलं, पण सुटलं.

दुसऱ्या वर्षी चैत्रात त्यांनी मला गावच्या यात्रेला जेवायला बोलावलं. ती दुपार मी विसरणार नाही. घर मारुतीच्या देवळामागे, शेजारी तालीम. वस्तादांच्या मंडळी आक्काबाई पाट मांडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तूच व्हय ती रुपाली? तुझ्यापायी आमच्या तालमीला सांजचं टाळं लागलं बघ." आणि लगेच माझ्या पानात पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली.

माझा घास हातातच राहिला. मग त्यांच्याकडूनच कळलं. गेली कित्येक वर्षं वस्ताद फर्स्ट शिफ्ट सुटली की थेट तालमीत जायचे. हळद, ताक आणि तेल घालून हौद्यातली माती स्वतः मळायचे आणि दिवेलागणीपर्यंत गावच्या पोरांना डाव शिकवायचे. तालमीतली ती संध्याकाळ हेच त्यांचं खरं आयुष्य होतं, कारखाना म्हणजे नुसती नोकरी. आणि ती संध्याकाळ त्यांनी उचलून मला दिली होती. मला वाटत होतं, म्हाताऱ्या माणसाला काय, घरी बसण्याऐवजी कंपनीत उभं राहायचं! इतकं मोठं देणं आपण घेतोय आणि आपल्याला त्याचा आकारही माहीत नाही, हे कळल्यावर माणसाला कसं वाटतं ते मला नीट सांगता येणार नाही. पोळी फार गोड होती आणि मी ती पानावर नुसती मोडत बसले.

दुसऱ्या दिवशी मी टेबलापाशी वस्तादांशी हुज्जत घातली. म्हटलं, "अदलाबदल बंद. तुम्ही तालमीत जा."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "तालीम बंद हाय असं कोन म्हनलं? पहाटं भरतीया. पोरं कुरकुर करत्यात, पन उठत्यात. पैलवानानं पहाटंच उठाया पायजे, मीच त्यास्नी लाडावून ठेवलं व्हतं. आन आक्काबाईचं काय मनावर घेतीस? तिला घरात बोलाया कायतरी लागतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरी, अर्ध्यात डाव सोडला तर दोघांची बी माती. चल, सुट."

मी सुटले. पण त्या दिवसापासून तळवड्याच्या चौकात कंटेनरच्या मागे अडकले, हॉर्न कानात बसले, पावसाने भिजले, तरी कुरकुर करायची सोय राहिली नाही. महाळुंग्यात एक तालीम माझ्यासाठी पहाटे उठत होती.

एक गोष्ट आम्हा दोघांना पहिल्यापासून माहीत होती. वस्तादांची निवृत्ती आणि माझं शेवटचं सत्र जवळजवळ एकाच सुमाराला येत होतं. सगळं वेळेवर झालं असतं तर जमलं असतं. पण पहिल्या वर्षी प्रवेशच उशिरा झाले होते, तेव्हापासून आमचं वेळापत्रक मागेच राहिलं. शेवटी असं झालं की वस्ताद मेअखेर निवृत्त होणार आणि माझं शेवटचं सत्र जूनमध्ये सुरू होणार. प्रोजेक्ट, हजेरी, परीक्षा सगळं त्यातच. रणजीत सरांनी आधीच सांगून टाकलं, "वस्ताद गेले की तुझं टेबल पुन्हा रोटेशनवर. माझा नाइलाज आहे." इतकं अंतर चालून आल्यावर पदवी उंबऱ्यावरून परत जाणार होती. मी उरलेले दिवस मोजत राहिले. त्या महिन्यात वस्तादांनी लाल पेटीवरून विनाकारण दोघातिघांना झापलं.

त्यांचा शेवटचा दिवस आला. दोन्ही पाळ्यांची माणसं भेटावीत म्हणून निरोपाचा कार्यक्रम साडेतीनलाच, तपासणीच्या टेबलांपाशी ठेवला होता. हार, शाल, श्रीफळ, केक. प्लँट हेड स्वतः खाली उतरले होते. वस्ताद नवा पांढरा सदरा घालून आले, पण आले ते सरळ माझ्या टेबलाशी. टेबलाला हात लावला, पेटीत बघितलं, गेज घेतलं आणि म्हणाले, "चल, सुट." आणि तपासायला लागले.

रणजीत सर हसत म्हणाले, "वस्ताद, आज काम नाही. या इकडे, साहेब थांबलेत."

"येतो की. माझा रिलीव्हर कुठाय?"

सगळे हसले. सरांनी एकाला खूण केली. "हा उभा राहील आजच्यापुरता."

"आजच्यापुरता न्हाई, साहेब." वस्तादांनी मान वर केली नाही. एक भाग पुढे सरकवला, दुसरा उचलला. "उद्या साडेतीनला हितं कोन? परवा कोन? रुपालीचं कालिज सुटंस्तवर तिला रोज कोन सोडनार, त्ये नाव सांगा. मग मी हार घालून घेतो. रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची न्हाई, ह्यो तुमचाच कायदा हाय. मी तो कवा मोडला न्हाई. आज बी मोडायचा न्हाई."

हसू थांबलं. प्लँट हेड शाल हातात धरून उभे. वर्षाली मॅडम केकवरची मेणबत्ती धरून उभ्या. टाळ्यांसाठी जमलेले हात खिशात गेले. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी त्या जुन्या हरभऱ्यात गडप व्हावं. मी पुटपुटले, "वस्ताद, राहू द्या ना." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पट्टा चालू होता, भाग येत होते, वस्ताद तपासत होते. नव्या सदऱ्याच्या बाहीला तेल लागलं.

रणजीत सर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. जो तो शेजारच्याकडे बघत होता.

"द्या राव इकडं ते गेज," मागून कुणीतरी म्हणालं. गर्दीतून वाट काढत धनेश पुढे आला. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "परीक्षा होईपर्यंत. त्याच्या पुढं एक दिवस न्हाई. आन वस्ताद, पहाटं तालमीत मला बोलवायचं न्हाई. मी लहानपनी एकदा पळालोय, परत येनार न्हाई."

वस्तादांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. गेज त्याच्या हातात दिलं, त्याने नीट धरलंय ना ते बघितलं. पण जागा सोडली नाही.

"मग म्हन की."

"काय म्हनू?"

"रिलीव्हर काय म्हनतो?"

धनेशने इकडेतिकडे बघितलं. त्या वात्रट तोंडातून आवाज जेमतेम निघाला. "सुटा, वस्ताद."

तेव्हा कुठे वस्ताद बाजूला झाले. टेबलाला शेवटचा हात लावून तो कपाळाला लावला आणि हारासाठी मान पुढे केली. त्या मानेवरून हार उतरेना. टाळ्या किती वेळ वाजत होत्या मला माहीत नाही, कारण त्यांनी गर्दीतून माझ्याकडे बघून डोळे वटारले. माझी कॉलेजची वेळ होत होती. मी पळाले.

धनेशविषयी मला दोन चांगले शब्द लिहिलेच पाहिजेत, त्याला आवडो न आवडो. तो रोज अगदी भोंग्यावर यायचा, काहीतरी चघळत यायचा, आणि वर "झाली का साहेबगिरी सुरू?" असं विचारायचा. पण आला नाही असा दिवस गेला नाही. चुलतभावाच्या लग्नाच्या दिवशी तो मांडवातून उठून आला, डोक्याला फेटा तसाच. सिक्युरिटीने आत सोडताना फेट्यावर हेल्मेट घालायला लावलं तर बसेना. त्या अवतारात टेबलाशी येऊन म्हणाला, "सुट लवकर. हसलीस तर परत जाईन." मी गेटबाहेर पडेपर्यंत हसू दाबलं.

प्रोजेक्टच्या अहवालात सुरुवातीला आभाराचं एक पान असतं. विभागप्रमुख, मार्गदर्शक, आईवडील असा क्रम ठरलेला. मी त्यात एक ओळ वाढवली: श्री. दत्तोबा, सेकंड शिफ्ट. आमचे मार्गदर्शक सर वाचता वाचता थांबले. "हे कोणत्या विभागाचे?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, तालमीसकट. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "यांचं नाव माझ्या वर घे." मी घेतलं.

पदवी झाली. त्याच सुमाराला कंपनीत क्वालिटी इंजिनियरची एक जागा निघाली, मुलाखत झाली आणि ती मला मिळाली. पेढे घेऊन वस्तादांच्या घरी गेले. आक्काबाईंनी माझी दृष्ट काढली. वस्तादांनी पेढा तोंडात टाकला आणि एवढंच विचारलं, "केबिनीत बसनार कवापासून?"

"सोमवारपासून."

"बरं," ते म्हणाले आणि तालमीकडे निघून गेले. मला जरा वाईटच वाटलं. वाटलं होतं, काहीतरी म्हणतील.

सोमवारी मी त्या काचेच्या केबिनमध्ये बसले. खुर्ची फिरणारी होती, गळ्यात नवं ओळखपत्र होतं, आणि रणजीत सर मला "मॅडम" म्हणाले तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोणती मॅडम आली म्हणून. साडेतीनचा भोंगा झाला. माझा हात आपोआप टोपीकडे गेला आणि डोळे दाराकडे. काचेतून दिसत होतं, माझ्या जुन्या टेबलावरच्या पिंकीला तिच्या रिलीव्हरने सोडलं. ती टोपी काढत पळाली. माझ्या दारात कोणी आलं नाही. येणार कोण? साहेबाला रिलीव्हर नसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ग्राहकाची एक तक्रार आली होती, तिला उत्तर द्यायचं होतं, मग त्या उत्तराला प्रश्न आले. काम संपेना आणि उठायचं कधी ते ठरवता येईना. बाहेर सूर्य मावळला. मी बसलेच होते. इतकी वर्षं कुणीतरी सुट म्हणेपर्यंत उभी राहिलेली मी, मला आपलं आपण सुटता येत नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला. गेटवरचा सिक्युरिटी होता. "मॅडम, इथे एक आजोबा आलेत. मी विचारलं, आत जायचंय का, तर नाही म्हणतात. म्हणतात, रुपालीला बाहेर सोडा. मी म्हटलं, तुम्ही त्यांचे कोण? तर म्हणतात, रिलीव्हर."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. गेटच्या दिव्याखाली वस्ताद उभे होते. धोतर वर खोचलेलं आणि नडग्यांना हौद्याची ओली लाल माती. म्हणजे तालीम पुन्हा संध्याकाळी भरायला लागली होती आणि ते तिथूनच तडक आले होते. गेटवर ऑफिसच्या गाड्या रांगेत लागल्या होत्या, चहाला बाहेर पडलेली सेकंड शिफ्ट टपरीपाशी उभी होती, त्यात धनेशही होता. पहिल्याच गाडीत प्लँट हेड बसले होते. वस्तादांनी सगळीकडे नीट नजर फिरवली, माणसं पुरेशी आहेत याची खात्री करून घेतली आणि छाती भरून हाक मारली.

"अगं ए रुपे! घड्याळ बघ की! साहेब झालीस म्हनून हितंच मुक्काम करतीस व्हय?"

गाडीची काच खाली आली. टपरीवरचे पेले तोंडापाशी थांबले. मला कसली लाज वाटते! मीही तशीच छाती भरून ओरडले, "व्हय वस्ताद!"

त्यांच्या मोडलेल्या कानांपर्यंत हसू पसरलं. मग ते पुढे आले, गेटच्या लोखंडी दांडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चल, सुट आता. आक्काबाईनं पिठलं टाकलंय."

मी वर जाऊन कॉम्प्युटर बंद केला, केबिनचा दिवा घालवला आणि सुटले.